स्वच्छ मातीची दोन पोती

ज्या पोत्यांवर मी स्वतःच्या हाताने ‘स्वच्छ’ असं लिहिलं, त्यांतली माती आमच्या घरामागची होती. निळ्या मार्करने चांगलं ठळक लिहिलं होतं. अजूनही ते अक्षर डोळ्यांपुढे आलं की मला माझाच राग येतो.

मी तेव्हा साताऱ्याला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. विषय मुळांचा. मातीत शिसं मिसळलं की रोपाचं मूळ आतल्या आत काय उलाढाल करतं, हे बघायचं. मोहरीची रोपं लावायची, काही कुंड्यांत शिसं घालायचं, काहींत घालायचं नाही. शिसं न घातलेल्या कुंड्या म्हणजे कंट्रोल. निरोगी मूळ कसं असतं ते त्यांच्याकडून कळायचं आणि बाकीच्यांची तुलना त्यांच्याशी करायची.

कंट्रोलसाठी माती आणायची होती. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “जिथे कारखाना नाही, मोठा रस्ता नाही, अशी माती बघा.” मी लगेच म्हणाले, “मॅडम, घरची आणते.” विचारसुद्धा केला नाही. आपल्या घरची माती वाईट असेल, असं कुणाच्या मनात येतं?

आमचं गाव विट्याच्या पुढे, आत. कारखान्याचं नाव नाही. परसात आईचा भाजीचा वाफा होता. त्यात मेथी, पालक, मुळा आणि कडेला चार वांगी. त्या वाफ्यातली माती मी दोन पोत्यांत भरली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

“एवढं शिकून मातीच वहायची हुती, तर हितं काय कमी हुती गं?”

विट्याहून साताऱ्याला जाणाऱ्या गाडीत कंडक्टरही म्हणाला, “ताई, सातारला माती मिळंना व्हय?” सगळी गाडी हसली. मीही हसले आणि पोत्यांवर पाय ठेवून वडूज येईपर्यंत शेंगा खात बसले.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे वडील. ते गलाईवाले. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळाने घराघरातला एकेक माणूस उचलून देशातल्या कुठल्यातरी सराफ बाजारात नेऊन बसवलाय, सोनं-चांदी गाळायला. आण्णा तीस वर्षं तामिळनाडूत होते. चांदी शुद्ध करायची तर तिच्यात शिसं घालून, राखेच्या खोलगट थरावर वितळवतात. शिसं चांदीतली सगळी घाण ओढून घेतं आणि खालच्या राखेत मुरतं. वर नुसती चांदी उरते. थंड होताना तिच्या अंगावरून एक झळक सरकते. ती झळक बघून आण्णा सांगायचे, माल किती खरा आहे. त्यांचा डोळा चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दम लागायला लागला तसे ते गावी परत आले. पण हात स्वस्थ बसेनात. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी छोटी भट्टी मांडली. विट्यातले ओळखीचे सोनार मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, पाठवायचे, हे गाळून द्यायचे. भट्टीचा धूर वाईट, एवढं त्यांना ठाऊक होतं. भट्टी पेटली की ते तोंडाला उपरणं बांधायचे आणि काम झालं की गुळाचा खडा खायचे. त्यांचे भट्टीचे कपडे आई माझ्या कपड्यांत कधी मिसळू द्यायची नाही. वेगळ्या बादलीत, हाताने धुवायची. शेडही तीच झाडायची. मी सुट्टीला गेले आणि झाडू हातात घेतला, तर काढून घ्यायची. “तुझी मुळं मोज जा.”

मग आमच्याकडे चुलीच्या जागी गॅस आला. आईला कोण आनंद. पण त्याच थंडीत मेथीवर माव्याची कीड पडली आणि तिच्या लक्षात आलं की घरात राखच उरली नाही. आमच्याकडे मावा पडला की सकाळी दंव असताना चुलीतली राख पानांवर भुरभुरतात. आईच्या आईनेही तेच केलं आणि तिच्या आईनेही.

“आता राख कुठनं आणू? गॅसला काय राख पडतीया?” आई म्हणाली.

“माझ्या भट्टीची ढिगानं पडलीया की,” आण्णा म्हणाले.

त्या राखेतून चांदीचा शेवटचा कणही त्यांनी धुऊन-घोटून काढलेला असायचा. त्यांच्या लेखी ती राख रिकामी होती. तेव्हापासून रोज सकाळी आण्णा जुन्या परातीत राख घेऊन वाफ्यात उतरायचे आणि चिमटी-चिमटीने पानांवर सोडायचे. ज्या माणसाने जन्मात घरातलं काम केलं नाही, जो वर्षातून पंधरा दिवस पाहुण्यासारखा घरी यायचा, तो बायकोच्या मेथीला राख लावतोय. आई शेजारणीला बोलावून दाखवायची. “बगा, लेकराला पावडर लावल्यावानी लावत्यात.” मावा गेला. भाजीही हिरवीगार दिसायची.

साताऱ्यात माझ्या कंट्रोलची मुळं मात्र बिघडली.

निरोगी मोहरीचं मूळ पांढरं, लांब आणि बारीक केसांनी भरलेलं असतं. माझ्या ‘स्वच्छ’ कुंड्यांतली मुळं आखूड, जाड आणि टोकाला तपकिरी होती. मी म्हटलं, बी खराब असेल. दुसरं बी आणलं. मग म्हटलं, नळाचं पाणी. मग प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांवर घसरले, की तुम्हीच कुंड्या इकडच्या तिकडे केल्या. ते बिचारे म्हणाले, “मॅडम, मी कुंडीला हात लावला असंल तर हात झडू दे.” मी तरी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग रसायनांच्या चाचण्या केल्या. विष आत शिरलं की मुळाच्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साठू लागतं. ते जास्त झालं तर पेशीचं आवरण कुजतं. म्हणून मूळ आपली एन्झाइम कामाला लावतं, ते मोडायला. शिवाय ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूंची साखळी जोडतं, तिच्यात शिसं अडकवतं आणि पेशीतल्या एका कोठीत कोंडून ठेवतं. बाहेरची भिंत जाड करतं, लाकडासारखी. हे सगळं का, तर विष वर खोडाला आणि पानाला जाऊ नये म्हणून. सगळं थांबत नाही, थोडं वर जातंच. पण बरंचसं मूळ स्वतःपाशी धरून ठेवतं. त्यात त्याची सगळी ताकद जाते आणि ते वाढायचं थांबतं. वरचं रोप तोवर हिरवं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

पेशी किती कुजल्या ते एका चाचणीत गुलाबी रंगावरून कळतं. जितका गडद रंग, तितकं नुकसान. माझ्या कंट्रोलच्या नळ्या सुरेख गुलाबी झाल्या. मॅडमनी त्या उजेडात धरल्या आणि म्हणाल्या, “तुमची माती तपासून घ्या.” मी फणकारले, “मॅडम, ती आमच्या घरची आहे!” त्या म्हणाल्या, “म्हणूनच सांगतेय.”

रिपोर्ट आला. मातीत शिसं होतं. थोडंथोडकं नाही, मी मापून घातलं होतं त्याच्याही वर.

इथे मला खरं लिहायचंय. रिपोर्ट हातात आल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की माझं वर्ष वाया गेलं. आईचा विचार पहिला आला नाही. मी वसतिगृहावर जाऊन ढसाढसा रडले ते माझ्या प्रबंधासाठी. संध्याकाळी मेसमध्ये ताटात मेथीची भाजी पडली, तेव्हा कुठे माझा घास हातात राहिला आणि आण्णांची राखेची परात डोळ्यांपुढे आली.

आईच्या पोटात दोन वर्षं कळा येत होत्या. विट्याच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. सांगलीला मी स्वतः तिची सोनोग्राफी करून आणली होती, त्यात काही निघालं नाही. मग रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. मग उजव्या हातातून भांडी पडायला लागली. पेला पडला की आण्णा म्हणायचे, “कोण पावना येतोय बग,” आणि आई हसायची. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला, असं चाललं होतं सगळं. आणि मी, शिशावर अभ्यास करणारी बाई, सुट्टीत तिच्या शेजारी बसून तोच मुळा सोलत होते. मुळा मला आवडत नाही. आण्णांना दात नाहीत. पाल्याची भाजी आम्हा दोघांना वाढून, मुळे आई एकटी मीठ लावून खायची.

दुसऱ्याच दिवशी मी घरी गेले आणि आण्णांना ‘हात दाखवायला नेते’ एवढंच सांगून आईला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. रक्त तपासणीला गेलं. काही दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघीच परत गेलो. रक्तातलं शिसं फार वाढलं होतं. डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, “औषध नंतरचं. आधी ते जिथून येतंय ते बंद करा. यापुढे एक कण नको. जे हाडांत बसलंय ते सहजी निघत नाही.” राख, धुणं, शेड, भाजी, सगळं त्यांनी आईसमोर बोटांवर मोजून दाखवलं.

मिरजेच्या स्टँडवर आई म्हणाली, “त्यास्नी सांगू नगंस.”

“आई, सांगायला नको? ते रोज राख टाकतायत!”

“तू सांग, मातीला कीड लागलीया. भाजी करायची न्हाई, वाफा मोडायचा. तुझं ऐकत्यात ते. शेडबी आता माज्यानं झाडवत न्हाई म्हनीन मी. पर राखंचं नगं.”

“का?”

“आयुष्यभर लांब ऱ्हायलं मानूस. म्हातारपनी माझ्यासाटी एक काम करतंय. ते असलं निघालं म्हनून कसं सांगू?”

मला रडू आलं आणि चीडही आली. पण मी ऐकलं. घरी जाऊन आण्णांना सांगितलं, मातीत सूक्ष्म किडे झालेत, मुळांना गाठी येतात, ही भाजी खायची नाही, वाफा मोडा. आण्णांनी मान हलवली. आई औषध घेईल, भाजी खाणार नाही, महिन्याभरात मी येऊन वाफा स्वतः मोडेन, असा माझा हिशेब होता. मी साताऱ्याला परतले. पाचगणीकडच्या एका मैत्रिणीच्या डोंगरातली माती आणली आणि मोहरी पुन्हा पेरली.

तीन आठवड्यांनी घरी गेले तेव्हा वाफा पांढरा पडलेला होता.

मोडला नव्हता. मातीवर राखेचा जाड थर होता, आणि नवी मेथी त्यातून वर आली होती. आण्णा परात हातात घेऊन, मला बघून खुशीत म्हणाले, “तू कीड म्हनालीस न्हवं? मग मी जरा हात सैल सोडला. बग, एक पान खाल्लं न्हाई किड्यानं. आता वाफा मोडाय नगं, खायाबी हरकत न्हाई.”

कीड म्हटलं की राख, हे मला सुचू नये? त्याच घरात वाढलेली मी.

मी आत धावले. आई जुन्या चुलखणाजवळ मेथी निवडत होती. मी विचारलं, “तू खातेस?” ती खालच्या आवाजात म्हणाली, “पयल्यांदा उकिरड्यात टाकत हुते, बाजारची आनून करत हुते. मग ते संगं बसाय लागलं निवडाय. माझा हात चालत न्हाई म्हनून. समोर बसून खा म्हनत्यात, अंगात रगत भरंल म्हनत्यात.” आणि वर म्हणाली, “थोडीच खाते.”

इतकी वर्षं मी स्वतःला शहाणी समजत आले. शहाण्या माणसाने त्या वेळी आण्णांना शेजारी बसवलं असतं, पाणी दिलं असतं, हळू आवाजात सांगितलं असतं. मी परसात गेले आणि त्यांच्या हातातली परात हिसकावून फेकली.

“तुमच्या राखेनं आई मरायला लागलीय आण्णा!”

हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी उरलेलं सगळं शिक्षण देऊन टाकलं असतं.

आण्णा आधी चिडले. “शिशानं मानूस मरतंय व्हय? तीस वरसं मी तेच केलं. मी उभा हाय न्हवं?” मी रिपोर्ट काढला. त्यांनी तो बघितलाही नाही, कागदाचं त्यांना काय. मग मी मोबाइलवर दोन मुळांचे फोटो दाखवले. एक पाचगणीच्या मातीतलं, एक आमच्या. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. सोनाराने आणलेला माल बघायचे तसेच, मान तिरकी करून.

“ह्ये आपलं?” तपकिरी मुळावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“होय.”

“ह्याच्यात शिसं कसं आलं?”

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हात वर केला. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “शिसं कुठं जातंय ते मला इचार. शिसं राखंत जातंय. सगळं राख पिती, तवाच वर चांदी ऱ्हाती. मीच शिकीवलंय किती जणांस्नी.”

ते शेडच्या पायरीवर बसले. तीस वर्षं जी गोष्ट रोज हाताने केली, ती त्यांना माहीत नव्हती असं नाही. फक्त भट्टीतली राख आणि वाफ्यातली राख त्यांनी कधी एका ठिकाणी मांडून बघितली नव्हती. मीही नव्हती मांडली. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे इतक्या रागाने बघत होती की मी मान खाली घातली.

भट्टी त्याच दिवशी बंद झाली. आण्णांनी ती फोडली नाही, नुसता पत्रा झाकला. विट्याहून सोनाराचा माणूस मोड घेऊन आला, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मग तोंडाला उपरणं बांधून पाच दिवस ते वाफा खणत होते. आईला जवळ येऊ दिलं नाही. त्यांना दम लागेल म्हणून मला भीती वाटत होती, पण अडवायची माझी प्राज्ञा नव्हती. गुडघाभर खड्डा झाला. माती पोत्यांत भरली आणि मग प्रश्न आला, की ही टाकायची कुठे? ओढ्यात टाकली तर खालच्या वस्तीच्या विहिरीत जाणार. रानात टाकली तर कुणाच्यातरी ज्वारीत. शेवटी ती सगळी पोती शेडमध्ये थप्पी लावून ठेवली. दोन सोडून बाकीची अजून तिथेच आहेत. वर आण्णांनी खडूने फुली मारून ठेवलीय.

त्यांतलीच दोन पोती मी पुढे साताऱ्याला नेली. मॅडम म्हणाल्या, ही खरी प्रदूषित माती आहे, प्रयोगात घ्या. मी घेतली. प्रबंधात तिच्यावर एक प्रकरण आहे आणि परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. तोंडी परीक्षेला एकाने विचारलं, नमुना कुठला? मी म्हणाले, “खानापूर तालुका, परसबाग.” पुढे काही बोलले नाही. पदवी मिळाली त्या दिवशी आईने पेढे वाटले, डाव्या हाताने.

आईचं पोट आता दुखत नाही. रक्त सुधारलं. हात मात्र आला नाही. मनगट लुळं पडतं, पेला अजून सुटतो. घरात आता सगळे पेले स्टीलचे आहेत आणि कुणी पाहुणा येणार म्हणत नाही. धुणं आण्णा धुतात, भांडी आण्णा घासतात, बाजारातून भाजी आण्णाच आणतात आणि तीनदा धुतात. आई मला फोनवर बजावते, “त्यास्नी कायबी बोलू नगंस. आधीच खचल्यात.” आण्णा फोन घेऊन अंगणात जातात आणि विचारतात, “तुझी आई माझ्याबद्दल काय बोलती का?” मी दोघांनाही नाही म्हणते.

मागच्या दिवाळीला गेले तेव्हा सकाळी आण्णा परसात त्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. खड्डा अजून तसाच आहे. त्यात काही लावायचं नाही, भरायचाही नाही, असं त्यांनी ठरवलंय. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या मुळांस्नी कळतंय का गं, वाईट आत आलंय म्हनून?”

“कळतं, आण्णा. लगेच कळतं. म्हणून तर धरून ठेवतात, वर जाऊ देत नाहीत.”

“आन कुनी घातलं, ते कळतंय?”

“ते कसं कळणार?”

त्यांनी खड्ड्यातला एक खडा उचलला आणि परत आत टाकला.

“तुझ्या आईला कळलं हुतं,” ते म्हणाले. “मिरजंलाच कळलं हुतं. मागनं तिनंच मला सांगितलं. आन तरी माझ्यासमोर बसून ती भाजी खात हुती.”

आतून पेला पडल्याचा आवाज आला. आण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पाणी द्यायला आत गेले.